कंट्रोलर की कॉम्प्ट्रोलर? एकाच ‘नियंत्रका’खाली अडकलेले दोन शब्द

माझं काम सरकारी-निमसरकारी कागदांच्या भाषांतराचं आणि इतरांनी केलेली भाषांतरं तपासण्याचं. या कामात एक चूक अशी आहे, की दर दोन-तीन महिन्यांनी मी ती दुरुस्त करते आणि ती पुन्हा कुठून तरी उगवते. मराठीत ‘नियंत्रक’ असं लिहिलेलं असतं. इंग्रजीत त्याचं डोळे मिटून ‘कंट्रोलर’ होतं. बऱ्याचदा ते बरोबर असतं, आणि म्हणूनच जिथे चुकतं तिथे कुणाच्या लक्षात येत नाही.

मागे एका संस्थेचा अहवाल माझ्याकडे आला होता. विषय केंद्राच्या अनुदानाचा, आणि त्यात तीन वेगळे नियंत्रक होते: भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, केंद्राचे लेखा महानियंत्रक आणि एका कृषी विद्यापीठाचे नियंत्रक. भाषांतरात तिघेही ‘कंट्रोलर’ झाले होते. त्यांतला फक्त मधला बरोबर होता. पहिला आणि तिसरा ‘कॉम्प्ट्रोलर’, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘पी’ असलेला (comptroller). मी खुणा करून कागद परत पाठवला, तर उत्तर आलं, “एकाच शब्दाची दोन स्पेलिंगं आहेत ना, काय फरक पडतो?” ती मुलगी कामाला चोख आहे. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

घोळ कुठे कुठे दिसतो

मराठीतून इंग्रजीत जाताना होणारी चूक वर सांगितलीच. दुसरी चूक उलट्या दिशेची. एकदा दुरुस्ती झाली की माणूस दचकतो आणि सगळीकडेच ‘पी’ घालू लागतो. मग परीक्षा नियंत्रकांचंही ‘कॉम्प्ट्रोलर ऑफ एक्झामिनेशन्स’ होतं. तेही चूकच.

तिसरा प्रकार संगणकाचा. शब्दलेखन तपासणारं सॉफ्टवेअर ‘कॉम्प्ट्रोलर’खाली कधी लाल रेघ मारतं. कुणीतरी ‘सगळीकडे बदला’ हे बटण दाबतं आणि चाळीस पानांत बरोबर लिहिलेले शब्दही एका क्षणात बिघडतात.

चौथा प्रकार स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांचा. कॅग (नियंत्रक व महालेखापरीक्षक) आणि सीजीए (लेखा महानियंत्रक) ही दोन संक्षिप्त नावं, दोन्हींत हिशेब, दोन्हींत नियंत्रक, दोन्ही दिल्लीत. नेमणूक कुणाची कोण करतं, अहवाल कुणाला जातो, घटनेत कोण आहे आणि कोण नाही, हे सगळं एकमेकांत मिसळून जातं.

आणि पाचवा, ज्याचा खरा त्रास होतो. आमच्या शेजारचे काका केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनाच्या आदेशात जन्मतारखेची चूक होती. त्यांनी सुंदर अक्षरात तीन पानी पत्र लिहिलं आणि ‘नियंत्रक व महालेखापरीक्षक, नवी दिल्ली’ या पत्त्यावर नोंदणीकृत टपालानं पाठवलं. कारण? हिशेबाचा सगळ्यांत मोठा अधिकारी तोच, असं त्यांनी आयुष्यभर वर्तमानपत्रात वाचलं होतं. पत्राचा उपयोग झाला नाही, कारण त्या कामाचा त्या पदाशी संबंधच नव्हता. दोन पदांच्या नावांतली सरमिसळ एका निवृत्त माणसाचे काही महिने खाऊन गेली.

मूळ कुठे आहे

दोन्ही शब्द एकाच बीजाचे आहेत. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘काँत्रा’ म्हणजे समोरचा, विरुद्ध बाजूचा, आणि ‘रोतुलुस’ म्हणजे गुंडाळी. त्या काळी हिशेब चामड्याच्या लांब गुंडाळ्यांवर लिहीत. एक गुंडाळी खजिनदाराकडे असे, दुसरी तशीच गुंडाळी दुसऱ्या माणसाकडे. वेळ आली की दोन्ही शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहायची. ही दुसरी गुंडाळी ठेवणारा जो माणूस, तो फ्रेंच वाटेनं इंग्रजीत ‘कंट्रोलर’ झाला. म्हणजे ‘कंट्रोल’ या शब्दाचा मूळ अर्थ लगाम खेचणं हा नव्हता, तर दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहणं हा होता.

आपल्याकडे या कामाला तंतोतंत जुळणारा शब्द आहे: रुजुवात. अस्सल आणि नक्कल समोरासमोर ठेवून, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट फिरवायचं, आणि जुळलं की ‘रुजू’ अशी खूण करायची. जुन्या दप्तरांत काम केलेल्या माणसांना हे सांगावं लागत नाही. कल्पनाही आपल्याला नवी नाही. शिवकाळात गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. हजेरी आणि लिखापढी सबनिसाकडे, धान्य आणि सामानसुमान कारखानिसाकडे. गड एकाच्याच शब्दावर चालायचा नाही, हा त्यामागचा विचार. कागद एका हातात, माल दुसऱ्या हातात. समोरची गुंडाळी म्हणजे याच जातीची काळजी.

मग ‘पी’ आला कुठून? चुकीतून. पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या आसपास इंग्रजी लेखनिकांना वाटलं की हिशेबाशी संबंधित शब्द आहे, तर त्याचं मूळ फ्रेंच ‘काँत’ या शब्दात असणार. त्याचा अर्थ हिशेब, आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘एम’ आणि ‘पी’ आहेत. म्हणून त्यांनी शब्दाच्या तोंडाला ती अक्षरं चिकटवली. उच्चार मात्र जुनाच राहिला. विद्वत्तेच्या नादात इंग्रजीनं असं बऱ्याचदा केलं आहे. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला न उच्चारला जाणारा ‘बी’ लॅटिन मूळ दाखवायला मागाहून घातला गेला. तिथे मूळ निदान खरं होतं. इथे मूळच चुकीचं मानलं गेलं.

पण चुकीतून आलेलं स्पेलिंग टिकलं आणि पुढे त्याला वेगळं काम मिळालं. सार्वजनिक पैशाचा हिशेब पाहणाऱ्या काही पदांना ‘पी’वालं नाव चिकटलं. बाकी सगळं चालवणं, आवरणं, दिशा देणं साध्या ‘कंट्रोलर’कडे गेलं. आता दोन्ही स्पेलिंगं हवी तिथे हवं ते वापरायची मुभा राहिलेली नाही, कारण पदाचं नाव कायद्यात ज्या अक्षरांत छापलेलं असतं तीच अक्षरं त्याची.

मराठीतला घोळ मात्र याहून खोल आहे. ‘नियंत्रण’ हा शब्द संस्कृतातून आला तोच बांधणं, आवरणं, ताब्यात ठेवणं या अर्थानं. त्यात रुजुवातीचा अर्थच नाही. ‘कॉम्प्ट्रोलर’चा ‘नियंत्रक’ झाला तेव्हा तपासणारा माणूस एकदम लगाम धरणारा होऊन बसला. त्यामुळे कितीतरी सुशिक्षित मराठी माणसांना मनापासून वाटतं की कॅग सरकारचा खर्च थांबवू शकतात. तसा अधिकार त्यांना नाही.

कॅग आणि सीजीए: हे एकदा नीट बघाच

घटनेच्या अनुच्छेद १४८ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद आहे. नेमणूक राष्ट्रपती करतात. पदावरून दूर करायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लावावी लागते तीच कठीण प्रक्रिया. मुदत सहा वर्षं किंवा वयाची पासष्टी, जे आधी येईल ते. कामं १९७१ च्या कायद्यात सांगितली आहेत. लेखापरीक्षेचे अहवाल अनुच्छेद १५१ प्रमाणे केंद्राच्या बाबतीत राष्ट्रपतींकडे आणि राज्याच्या बाबतीत राज्यपालांकडे जातात, आणि पुढे संसद किंवा विधिमंडळासमोर ठेवले जातात. ३० मे १९४९ ला घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर या पदाबद्दल म्हणाले होते, की घटनेतला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी. न्यायव्यवस्थेपेक्षाही त्याचं काम मोठं, असा त्यांचा सूर होता. मी हे वाचलं त्या दिवसापासून या पदाचं नाव चुकलेलं मला बघवत नाही.

नावात ‘कॉम्प्ट्रोलर’ का, तर ते ब्रिटनकडून आलं. तिथे १८६६ च्या कायद्यानं दोन कामं एका माणसाकडे एकत्र केली: खजिन्यातून पैसा बाहेर सोडायला मंजुरी देणं आणि नंतर खर्च तपासणं. पहिलं काम कॉम्प्ट्रोलरचं, दुसरं ऑडिटर जनरलचं. तिथे आजही पैसा सुटण्याआधी त्या पदाची मंजुरी लागते. आपण नाव जोडीनं घेतलं, पण पहिलं काम प्रत्यक्षात घेतलं नाही. आपल्याकडे पैसा विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या मंजुरीनं आणि खात्यांच्या व्यवस्थेतून खर्च होतो. कॅग झालेला खर्च तपासतात. म्हणजे भारतात ‘कॉम्प्ट्रोलर’ हा शब्द पदाच्या नावात आहे, पैसा सोडण्याच्या कामात नाही.

आता सीजीए, म्हणजे लेखा महानियंत्रक. हे पद घटनेत नाही. १९७६ मध्ये केंद्र सरकारनं हिशेब ठेवणं आणि हिशेब तपासणं ही कामं वेगळी केली, तेव्हा ते तयार झालं. त्याआधी केंद्राचे हिशेबही लेखापरीक्षा खात्याकडेच होते. जो लिहितो त्यानंच तपासायचं, हे बरोबर नव्हतं. लेखा महानियंत्रक वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाखाली काम करतात. केंद्राच्या खात्यांची वेतन व लेखा कार्यालयं, महिन्याचा जमाखर्च, वर्षाचे हिशेब हे त्यांचं काम. ते हिशेब मांडतात, कॅग तपासून प्रमाणित करतात. मांडणारा ‘कंट्रोलर’, तपासणारा ‘कॉम्प्ट्रोलर’.

लक्षात ठेवायला मी विद्यार्थ्यांना एकच खूण सांगते: ‘महा’ कुणाला चिकटला आहे ते पाहा. ‘लेखा महानियंत्रक’मध्ये ‘महा’ नियंत्रकाला आहे. ‘नियंत्रक व महालेखापरीक्षक’मध्ये तो लेखापरीक्षकाला आहे. इंग्रजीतही ‘जनरल’ तसाच फिरतो: एकात कंट्रोलर जनरल, दुसऱ्यात ऑडिटर जनरल. ‘महा’ परीक्षकाला असेल तिथे आपल्या देशात ‘पी’ लिहा. अमेरिकेत मात्र ही खूण फसते. तिथे सरकारी लेखापरीक्षेच्या प्रमुखाचं नावच कॉम्प्ट्रोलर जनरल आहे, १९२१ च्या कायद्यानं आलेलं.

काकांच्या पत्राचं काय झालं ते याच भेदातून कळतं. केंद्राच्या बहुतेक मुलकी खात्यांतल्या निवृत्तांचं निवृत्तिवेतन त्यांच्या खात्याच्या वेतन व लेखा कार्यालयातून ठरतं आणि दिल्लीच्या केंद्रीय निवृत्तिवेतन लेखा कार्यालयातून बँकेकडे जातं. ही सगळी साखळी लेखा महानियंत्रकांच्या बाजूची. पत्र जायला हवं होतं ते जुन्या खात्याकडे आणि वेतन व लेखा कार्यालयाकडे.

महाराष्ट्रात आणखी एक गाठ

राज्यात गोष्ट वेगळी आहे आणि इथेच बहुतेक जण दुसऱ्यांदा अडकतात. महाराष्ट्राच्या हिशेबांचं संकलन अजूनही कॅगच्या छत्राखालीच होतं, फक्त लेखा आणि लेखापरीक्षा यांची कार्यालयं वेगळी आहेत. कुठलाही शासन निर्णय उघडा आणि शेवटची ‘प्रत’ची यादी वाचा. तिथे महालेखापाल (लेखा व अनुज्ञेयता) आणि महालेखापाल (लेखापरीक्षा), मुंबई आणि नागपूर, असे उल्लेख हमखास सापडतील. राज्य शासनाच्या निवृत्त कर्मचाऱ्याचं निवृत्तिवेतन मंजूर होतं ते लेखा व अनुज्ञेयतेच्या कार्यालयातून: विदर्भ आणि मराठवाड्याचं नागपुरातून, उरलेल्या महाराष्ट्राचं मुंबईतून. म्हणजे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असते तर त्यांचं पत्र निदान योग्य घरात गेलं असतं, भले दार चुकलं असतं. गोव्यात पुन्हा निराळं. तिथे राज्याचे हिशेब पणजीचं लेखा संचालनालय स्वतः संकलित करतं.

यातूनच वर्तमानपत्रातली नेहमीची चूक येते: ‘महालेखापालांचा ताशेरा’, आणि बातमी असते कॅगची. महालेखापाल हा राज्यातला अधिकारी, महालेखापरीक्षक म्हणजे कॅग. ‘पाल’ आणि ‘परीक्षक’ यांत फरक आहे. बातमी लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, जागा कमी पडत असेल तर सरळ ‘कॅग’ लिहा, पण पाल लिहू नका.

माहितीच्या अधिकारात अर्ज करणाऱ्यांसाठी एक उपयोगी गोष्ट. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांच्या आत तो योग्य कार्यालयाकडे हस्तांतरित करणं त्या कार्यालयाला बंधनकारक आहे. साध्या पत्राला हे संरक्षण नाही. तेव्हा पदाच्या नावाची खात्री नसेल आणि काम माहितीचं असेल, तर साध्या पत्राऐवजी अर्जच करा.

समोर ‘नियंत्रक’ आला की काय करायचं

मराठीवरून अंदाज बांधू नका. पदाचं इंग्रजी नाव त्या खात्याच्या मूळ कायद्यातून किंवा पदाच्या शिक्क्यावरून घ्या. तरी नेहमी भेटणारे काही सांगते, म्हणजे दर वेळी शोधावं लागणार नाही.

मुंबईचे नियंत्रक शिधावाटप, वैध मापन शास्त्राचे नियंत्रक, पेटंट आणि ट्रेडमार्कचे महानियंत्रक, संरक्षण लेखा नियंत्रक, हवाई वाहतूक नियंत्रक हे सगळे साधे कंट्रोलर. संरक्षण लेखा पाहून मोह होतो, कारण तिथे हिशेब आहेत. पण नाव कंट्रोलरच आहे. म्हणून ‘हिशेब दिसला की पी घाला’ हा नियम कुणी सांगितला तर तो मानू नका.

परीक्षा नियंत्रकही कंट्रोलर. पण हे पदनाम राज्याच्या विद्यापीठांच्या बाबतीत जुनं झालं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये त्या जागी परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक आले. जुनी गुणपत्रिका भाषांतरित करताना त्या काळचं पदनाम ठेवा, नवं घालू नका. परदेशी विद्यापीठाला गुणपत्रिका पाठवताना सहीखालचं पदनाम आणि भाषांतरातलं पदनाम जुळलं नाही, तर कागदावरच शंका येते.

कृषी विद्यापीठं वेगळी. महाराष्ट्र कृषी विद्यापीठं अधिनियम १९८३ प्रमाणे तिथले वित्ताचे अधिकारी ‘कॉम्प्ट्रोलर’ आहेत आणि मराठीत त्यांना नुसतं ‘नियंत्रक’ म्हणतात. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही विद्यापीठांच्या कागदांत हा शब्द भेटतो, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण नावात लेखा, वित्त असा एकही इशारा नाही.

आणि एक गोड अपवाद. राजभवनातही (आता लोकभवन) कॉम्प्ट्रोलर असतो, राज्यपालांच्या घरगुती व्यवस्थेचा. मराठीत त्याला ‘नियंत्रक’ न म्हणता ‘परिवार प्रबंधक’ म्हणतात. ज्यानं हा शब्द घडवला त्यानं पदाचं काम पाहून घडवला. मला तो फार आवडतो.

अमेरिकेत हिशेबाच्या नोकऱ्या करणाऱ्या आपल्या मंडळींना हा प्रश्न अर्ज भरताना येतो. तिथे ढोबळ वाटणी अशी की खासगी कंपनीत कंट्रोलर, सरकारी पदावर कॉम्प्ट्रोलर. न्यूयॉर्क शहराचा कॉम्प्ट्रोलर तर मतदारांनी निवडून दिलेला असतो. राष्ट्रीय बँकांवर देखरेख करणारं कार्यालयही कॉम्प्ट्रोलरचंच, १८६३ पासूनचं. मराठी बातमीत त्याचं ‘चलन नियंत्रक’ करतात आणि वाचकाला वाटतं हा नोटा छापणारा माणूस. तिथे ‘राष्ट्रीय बँकांचा नियामक’ असं कामावरून लिहिलेलं बरं.

उच्चार

हा प्रश्न मला दर वर्गात विचारला जातो. इंग्रजीत ‘कॉम्प्ट्रोलर’चा जुना आणि आजही मान्य असलेला उच्चार ‘कंट्रोलर’ असाच आहे, ‘पी’ न उच्चारता. अक्षरं वाचून केलेला ‘कॉम्प्ट्रोलर’ हा उच्चारही आता कोशांत आहे आणि आपल्याकडे तोच जास्त ऐकू येतो. मुलाखतीत कुठलाही चालेल. श्रुतलेखन घेताना मात्र सावध राहा. साहेब ‘कंट्रोलर’ म्हणतात तेव्हा कागदावर कुठला लिहायचा, हे कानांनी ठरवता येत नाही, पुढचे शब्द ऐकून ठरवावं लागतं.

फाईल आधीच बिघडली असेल तर

‘सगळीकडे बदला’नं झालेलं नुकसान त्याच बटणानं भरून येत नाही. मी असं करते: प्रत्येक ‘कंट्रोलर’वर एकेक करून थांबते, शेजारी मराठी मूळ ठेवते आणि पूर्ण पदनाम वाचते. पुढे ‘अँड ऑडिटर जनरल’ असेल तर ‘पी’ घालते. कृषी विद्यापीठाचं नाव असेल तर घालते. बाकीचे हात न लावता सोडते आणि शंका असेल तिथे पिवळी खूण करते. मग संगणकाच्या वैयक्तिक शब्दकोशात ‘कॉम्प्ट्रोलर’ जोडते, म्हणजे पुढच्या वेळी लाल रेघ येत नाही आणि कुणाचा हात त्या बटणाकडे जात नाही. दोघांनी मिळून केलं तर आणखी चांगलं: एकानं मराठी वाचायचं, दुसऱ्यानं इंग्रजीवर बोट फिरवायचं.

काकांचं दुसरं पत्र मी त्यांच्याबरोबर बसून लिहिलं. पत्त्याच्या ओळी त्यांनी स्वतः वाचून दाखवल्या, मी निवृत्तिवेतनाच्या आदेशावरच्या शिक्क्याशी ताडून पाहिल्या, आणि मगच पाकीट चिकटवलं.